तांबडीचे दिवस

दसऱ्याचे सोने लुटून झाले की फलटणच्या माळावरील धनगरांचे वाडे कोकणची वाट धरण्याच्या तयारीला लागतात. वाडा म्हणजे येथे चार भिंती नव्हेत. चार-सहा बिऱ्हाडे, काही शे मेंढरे, ओझ्याची घोडी, राखणीची कुत्री आणि डालग्यातल्या कोंबड्या असा तो पायांवर चालणारा संसार असतो. भाताची कापणी झालेल्या खाचरांत मेंढरे बसवायची, त्यांच्या लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य घ्यायचे, आणि वळवाचे ढग दिसू लागले की घाट चढून पुन्हा देशावर यायचे, हा त्यांचा वर्षाचा फेरा. पुरुष मेंढरांमागे रानारानाने जातात. बायका घोड्यांवर संसार लादून रस्त्याने पुढे निघतात आणि ठरल्या तळावर पाल ठोकून चूल पेटवतात. म्हणजे मेंढरू पुरुषाचे आणि घोडी बाईची. असे कोठे लिहून ठेवलेले नाही; परंतु पालाण कोण आवळते, हे पाहिले की घोडी कोणाची ते कळते.

2023 सालच्या दसऱ्याला अशाच एका वाड्यावर एक प्रश्न अडून बसला होता. तांबडी गाभण आहे की नाही?

तांबडी ही नऊ वर्षांची, अंगाने बुटकी, पाठीने रुंद अशी घोडी. भीमेच्या खोऱ्यातील या काटक तट्टांची स्वतंत्र अश्ववंश म्हणून अलीकडे नोंद झाली आहे. पण वाड्यावर तिची नोंद वंशाने नव्हे, ओझ्याने होते. वाकळा आणि घोंगड्या, पालाचे कापड, मेखा, वाघरीची जाळी, भांडी, धान्याची गोणी, सगळ्यांवर पाय वर करून बांधलेली बाज, त्या बाजेच्या चौकटीत नुकतीच जन्मलेली दोन कोकरे, आणि दमल्यावर थोरलीचा धाकटा मुलगा. थोरली म्हणजे वाड्याच्या कारभाऱ्याची थोरली सून. तांबडीच्या तोंडाशी चालणारी, तळावर तिला खरारा करणारी, पालाणाखाली पाठ सोलली तर हळद लावणारी तीच.

प्रश्न अडून बसला होता तो मागच्या एका प्रसंगामुळे. तीन वर्षांपूर्वी, 2020 च्या हिवाळ्यात, कुंभार्ली घाट उतरताना तांबडीने गाभ टाकला होता. ती गाभण असल्याचे तोवर कोणाच्या गावीही नव्हते. ओझे नेहमीचेच होते. एका वळणावर ती थांबली आणि काही केल्या पुढे पाऊल टाकीना, तेव्हा थोरलीने तिला काठी मारली. थोड्या वेळाने सगळे उलगडले. त्या रात्री तळावर थोरलीने ती काठी चुलीत घातली, एवढेच वाड्याला माहीत होते. त्याविषयी पुढे कोणी बोलले नाही आणि तिनेही कोणाला बोलू दिले नाही.

या खेपेला संशयाला एक आरंभ तरी होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात, वटपौर्णिमेच्या सुमारास, परतीच्या वाटेवर पाटणच्या अलीकडे मुक्काम असताना शेजारच्या वाड्यातील एका घोड्याने रात्री दावे तोडले होते. पहाटे तो तांबडीच्या शेजारी शांतपणे उभा असलेला आढळला. रात्री काय घडले ते पाहणारे कोणी नव्हते. घोडी साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते आणि त्यांतले पाच-सात दिवस घोड्याला जवळ येऊ देते. इतर दिवशी ती त्याला लाथांनी परतवते. तांबडीच्या अंगावर लाथाळीची खूण नव्हती, घोड्याच्याही नव्हती. या एवढ्या पुराव्यावर सासऱ्याने तिला फळलेली ठरवले आणि थोरलीने त्या पौर्णिमेपासून दिवस धरले.

दिवस धरणे हे बाईच्या बाबतीत सोपे असते, कारण ज्याच्या शरीरात ते घडते तीच ते मोजत असते. गाय-म्हशीच्या बाबतीतही फारसे अवघड नसते. गाय ठरल्या दिवशी पुन्हा माजावर आली की उलटली म्हणून कळते. दुभती असली तर ती आटत जाते. कास, पोट, चाल, सगळे काही बोलू लागते. घोडी मात्र बोलत नाही. तिचे पोट गवतानेही सुटते आणि गर्भानेही. सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत कित्येक घोड्यांचा गर्भ कुशीवरून ओळखू येत नाही. कास भरते ती शेवटच्या काही आठवड्यांत. सडांच्या टोकांवर मेणासारखा थेंब धरतो तो व्यायला दोन-चार दिवस उरलेले असताना, आणि काही घोड्या तेवढीही सूचना देत नाहीत. प्रसूतीसुद्धा बहुतेक रात्रीच, माणसाची पाठ फिरल्यावर. पळणे हेच ज्या प्राण्याचे संरक्षण, त्याने आपले जड झालेले अंग जगापासून लपवावे, यात नवल नाही. ज्या लांडग्यापासून ते लपवायचे तो आता क्वचितच भेटतो. लपवण्याची सवय मात्र राहिली आहे, आणि ती भोवते पालाण आवळणाऱ्याला.

घोडीच्या गर्भधारणेचे हे गूढ जुने आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जिचा उल्लेख येतो ती सरण्यू घोडीचे रूप घेऊन निघून गेली, विवस्वान अश्वरूपाने तिच्यामागे गेला आणि अश्विनीकुमार जन्मले, अशी कथा यास्काने निरुक्तात सांगितली आहे. बृहद्देवतेत तर तिने भूमीवर पडलेल्या रेताचा केवळ वास घेतला आणि त्यानेच ती गर्भवती झाली, असे येते. तिकडे रोमन लेखक प्लिनी लुसितानियातील, म्हणजे आजच्या पोर्तुगालच्या मुलखातील, घोड्यांविषयी लिहून जातो की त्या पश्चिमेच्या वाऱ्याकडे तोंड करून उभ्या राहतात आणि वाऱ्यानेच गाभण होतात. अशी शिंगरे अतिशय वेगवान, पण तीन वर्षांपलीकडे जगत नाहीत. या कथांना हसणे सोपे आहे. पण रात्री दावे तोडून आलेला घोडा ज्यांनी पाहिलाच नाही, त्या माणसांनी पुढे शिंगरू पाहिल्यावर वाऱ्यावाचून दुसरे कोणाचे नाव घ्यायचे?

वाडा हलायला चार दिवस उरले असताना थोरली तांबडीला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी खांद्यापर्यंत हातमोजा चढवला, घोडीला दोन खांबांमध्ये उभी केली, शेपूट बाजूला धरायला लावली आणि बराच वेळ, डोळे मिटून, गुदमार्गाने आतले चाचपले. मग हात काढून घेत म्हणाले, “मावशी, आहे असं वाटतंय. पण लहान आहे. दीड-दोन महिन्यांचं धरा. वीस दिवसांनी परत आणा, म्हणजे नक्की सांगतो.”

थोरलीच्या हिशेबाने पाच महिने व्हायला आले होते. आणि वीस दिवसांनी वाडा कोकणात असणार होता. विद्येचे पुष्कळसे उपचार मुक्कामाला असलेल्या माणसासाठी बेतलेले असतात. जो चालतो त्याच्या वाट्याला पहिली तपासणी येते, दुसरी येत नाही.

सासऱ्याने निकाल दिला. “डाक्टराचा हात म्हशीचा. घोडीचं त्याला काय उमगतंय? पाचाचं असतं तर हाताला लागलं नसतं व्हय? न्हाई ती गाभण.”

थोरलीचा नवरा व्यवहारी. त्याने एका व्यापाऱ्याशी बोलणे लावून ठेवले होते. बाजारात गाभण घोडीला रिकाम्या घोडीहून चांगले पैसे येतात, आणि तिथे शब्दावरच सौदा होतो. “डाक्टर हाय म्हनला न्हवं? तसंच सांगायचं,” तो म्हणाला.

“आन नसली तर?”

“तर त्याचं नशीब.”

“आन असली तर?” थोरलीने विचारले. या दुसऱ्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते, आणि तांबडी विकली गेली नाही.

डॉक्टरांच्या हाताच्या पलीकडे आणखी साधने आहेत, ती तिच्यापर्यंत पोहोचलेली नव्हती इतकेच. कॅलिफोर्नियात कोल आणि हार्ट या दोघांनी 1930 साली गाभण घोडीच्या रक्तातील द्रव लहान उंदरांना टोचून पाहिला. त्या कोवळ्या उंदरांच्या बीजकोशांत अकाली जाग आली, आणि घोडीच्या रक्तात काही काळ एक विलक्षण संप्रेरक असते हे कळले. त्याच्या आधारे गर्भनिदान होऊ लागले. हिसार येथे 1985 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रानेही रक्ताच्या नमुन्यावरून गाभण घोडी ओळखणारा तपासणी संच तयार केला आहे. याहून सरळ मार्ग ध्वनिलहरींच्या यंत्राचा. गर्भ पंधरा दिवसांचा असला तरी पडद्यावर तो काळ्या गोल थेंबासारखा दिसतो.

त्या थेंबाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. घोडीचा गर्भ आरंभी एका जागी राहतच नाही. गर्भाशयाच्या या शिंगातून त्या शिंगात, पुन्हा मधल्या पोकळीत, असा तो दिवसातून अनेक वेळा फेऱ्या घालतो आणि सोळाव्या दिवसाच्या सुमारास कोठेतरी स्थिरावतो. हे फिरणे उगाच नसते. आपण आलो आहोत ही वर्दी गर्भाशयाच्या कानाकोपऱ्यात त्याला स्वतःच पोहोचवावी लागते. त्याला फिरण्यापासून रोखले तर आईचे शरीर त्याला ओळखत नाही. ते पुन्हा माजाची तयारी करते आणि गर्भ जिरून जातो. म्हणजे गाभण आहे की नाही हा संशय केवळ धन्याला नसतो. पहिले दोन आठवडे तो खुद्द घोडीलाही असतो, आणि त्याचे निरसन करण्यासाठी एका राईएवढ्या जिवाला तळ बदलत हिंडावे लागते.

रक्ताची साक्षही नेहमी सरळ नसते. ते संप्रेरक ज्या पेशींतून येते त्या मुळात गर्भाच्या. पाचव्या-सहाव्या आठवड्यात त्या गर्भाच्या आवरणातून सुटून आईच्या गर्भाशयाच्या अस्तरात शिरतात आणि तेथे लहान लहान वाट्यांसारखी घरे करून तीन-चार महिने टिकतात. या वाट्या रुजल्यानंतर गर्भ मेला, तरी त्या लगेच मरत नाहीत. घोडी रिकामी झालेली असते, पण तिचे रक्त ‘आहे’ म्हणत राहते आणि ती काही आठवडे नीट माजावरही येत नाही. हे खोटे बोलणे नव्हे. ती गेलेल्याची बातमी आहे, उशिरा येऊन पोहोचणारी. 2020 च्या त्या घाटानंतर थोरली तांबडीकडे किती दिवस कोणत्या नजरेने पाहत होती, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना या वाट्या समजावून सांगण्याची गरज पडू नये.

वाडा निघाला. थोरलीने निर्णय बोलून दाखवला नाही, ओझ्यातून दाखवला. धान्याची गोणी जावेच्या घोडीवर गेली. भांड्यांची मोट तिने स्वतःच्या डोक्यावर घेतली. मुलगा पायी चालू लागला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या टाचांना फोड आले. तांबडीच्या पाठीवर पाल, वाकळा आणि कोकरांसह बाज एवढेच राहिले. जाऊ दोन तळांपर्यंत गप्प राहिली, तिसऱ्यावर म्हणाली, “माझ्या घोडीला काय दोन पाठी हायत?” तिचे म्हणणे खोटे नव्हते. एका घोडीच्या संशयाचे वजन दुसऱ्या घोडीच्या आणि चार माणसांच्या अंगावर वाटले गेले होते, आणि ते वाटताना कोणाची संमती घेतलेली नव्हती. घाट उतरताना त्या वळणावर थोरली तांबडीच्या पुढे न चालता बाजूने चालली. घोडी थांबली नाही.

चिपळूणच्या बाजूला खाचरांतून मुक्काम हलत राहिले. पौषात दुसऱ्या एका वाड्याचा घोडा जवळ आला तेव्हा तांबडीने कान मागे टाकले आणि दोन्ही पायांनी लाथ झाडली. “बघा,” थोरली म्हणाली. सासरा म्हणाला, “थंडीत घोडी माज करीत न्हाई. आन ही तर जलमाची खट.” दोघांचेही बरोबर होते. हिवाळ्यात घोडीचा माज पुष्कळदा मंदावतो, आणि तांबडी खरोखरच खट होती. या सबंध प्रकरणात कोणतीही खूण अशी निघाली नाही की तिचा एकच अर्थ लागावा.

फाल्गुन गेला, चैत्र गेला. थोरली रोज संध्याकाळी हात उलटा करून कासेखाली लावून बघे. कास रिकामी, सैल, थंड. वैशाखाचे दिवस मोजायची वेळ आली तेव्हा हिशेबाचा आणखी एक घोळ उभा राहिला. 2023 साली श्रावण अधिक होता. वटपौर्णिमेपासून नावाने महिने मोजले तर वैशाखी पौर्णिमेला अकरा होत होते. आभाळातल्या पौर्णिमा मोजल्या तर बारा. घोडीला सुमारे तीनशे चाळीस दिवस लागतात, थोडे मागेपुढे. “अधिक म्हैना पोटाला बी लागतोच की,” सासरा म्हणाला. “बारा झालं. कास न्हाई, काय न्हाई. सोड आता.”

आणि थोरलीने सोडले. सात महिने तिने संशय जपला तो कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे; पण गणिताने तिचा पराभव केला. गणित बिनचूक होते. फक्त त्याचा आरंभ चुकीच्या रात्रीपासून धरलेला होता. पावसाळ्यात वाडा गावी असतो, घोड्या गायरानात मोकळ्या सुटतात, लोकर कातरण्याच्या गडबडीत त्यांच्याकडे कोण बघतो! जूनच्या त्या रात्री काही घडले नसेल, किंवा घडून जिरले असेल. पुढे भाद्रपदाच्या सुमारास कधीतरी, कोणाच्या तरी घोड्याने, उघड्या माळावर ते घडले. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी दसऱ्याला दीड-दोन महिने म्हणून सांगितले होते ते अगदी नेमके होते. म्हशीचा म्हणून हिणवलेला तो हात एकटाच खरे बोलला होता, आणि त्याचे बोलणे हिशेबात बसत नाही म्हणून सर्वांनी बाजूला ठेवले होते.

मे महिन्याच्या अखेरीस वाडा पोफळीच्या खाली आला. घाट चढायच्या सकाळी जावेने काही न बोलता धान्याची गोणी तांबडीच्या पालाणाजवळ आणून ठेवली. थोरलीने ती चढवली. भांडी चढवली, बाज चढवली, बाजेत कोकरे, बाजूला डालगे. मुलाला वर बसवले. पुरुष पहाटेच मेंढरे घेऊन रानवाटेने पुढे गेले होते. बायकांबरोबर म्हातारा सासरा तेवढा होता. जाऊ आपल्या घोडीचे नाल बघण्यात मागे राहिली.

ऊन चढले. अर्ध्या घाटात एका टपरीपाशी पाणी होते. टपरीवाल्याने पिंपातले गार पाणी बादलीत काढून दिले आणि तांबडीने एका दमात अर्धी बादली ओढली. थोरली तिच्या डाव्या कुशीशी, पट्टा सैल करायला वाकली होती. पाणी आत उतरले तशी ओझ्याच्या खाली, पट्ट्याच्या मागच्या अंगाला, कातडी एकदा हलली. माशी बसल्यावर घोडी कातडी थरथरवते तशी नव्हे. आतून कोणीतरी गुडघा टेकवून काढून घ्यावा, तशी. थोरलीने तळवा तेथे ठेवला आणि ठेवूनच उभी राहिली. थोड्या वेळाने तळव्याला पुन्हा एक धक्का बसला.

तिने आधी मुलाला उतरवले. मग कोकरे, बाज, डालगे, भांडी. गोणी तिला एकटीला उतरेना तेव्हा म्हाताऱ्याने न सांगता दुसरे टोक धरले. पालाण काढले तेव्हा तांबडीच्या पाठीवरून वाफ निघत होती. कऱ्हाडकडे जाणारी एक एसटी हॉर्न वाजवीत बाजूने गेली आणि खिडकीतल्या माणसांनी घाटाच्या कठड्याला ओळीने मांडलेला संसार पाहिला.

“आवंदा न्हाई म्हनलो हुतो मी,” म्हातारा म्हणाला.

थोरलीने उत्तर दिले नाही. तिने कोकरे म्हाताऱ्याच्या मांडीवर दिली, त्याला बाजेवर बसवले, भांड्यांची मोट डोक्यावर घेतली आणि तांबडीचा कासरा मुलाच्या हाती दिला. हेळवाकच्या तळावर सामान टाकून ती परत येणार होती. त्यासाठी दोन खेपा लागणार होत्या, कदाचित तीन. मुलगा पुढे, मधे रिकाम्या पाठीची घोडी, मागे थोरली, असे ते वळणाआड गेले. म्हाताऱ्याने बिडी पेटवली आणि खालून जावेची घोडी कधी दिसते, इकडे तो डोळे लावून बसला.